काळ्या मृदेतील पोषकद्रव्य चक्रण

वनस्पतींना आवश्यक असलेली नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम, गंधक इ. मूलद्रव्ये मृदेतून वनस्पतींत जातात आणि वनस्पतींच्या व प्राण्यांच्या अवशेषांचे अपघटन होऊन पुन्हा मृदेत परततात. या फेऱ्यास पोषकद्रव्य चक्रण म्हणतात. मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांत त्याची दोन भिन्न रूपे आढळतात : किनवटच्या सागवनातील जवळजवळ बंदिस्त चक्र आणि कोरडवाहू शेतातील खुले चक्र.

मृदेचे स्वरूप : या जिल्ह्यांच्या बहुतेक भागातील काळी मृदा दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनली आहे. तीत माँटमोरिलोनाइट गटातील मृत्तिका असल्याने ती भिजल्यावर फुगते व वाळल्यावर तिला खोल भेगा पडतात. तिच्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम विपुल असून पोटॅशियमही सामान्यतः पुरेसे असते. मात्र जैव कार्बन व नायट्रोजन कमी असतात. काळ्या रंगावरून ती जैव पदार्थांनी समृद्ध असावी असे वाटते. तथापि तो रंग जैव पदार्थांच्या विपुलतेचा निदर्शक नाही. चुनखडीमुळे फॉस्फरस अविद्राव्य कॅल्शियम फॉस्फेटाच्या रूपात अडकतो आणि जस्ताची उपलब्धता घटते.

वन व शेत : सागाची पाने उन्हाळ्याच्या सुमारास गळतात. वाळवी, गांडुळे, कवके व जीवाणू त्यांचे अपघटन करतात आणि मुक्त झालेली द्रव्ये पावसाळ्यात त्याच झाडांची मुळे शोषून घेतात. शेतातून मात्र धान्याबरोबर ही द्रव्ये बाहेर जातात. एक टन सोयाबीनच्या दाण्यांत सुमारे ६० किग्रॅ. नायट्रोजन असतो. त्याचा मोठा भाग मुळांवरील गाठींतील रायझोबियम जीवाणू हवेतून मिळवितात, उरलेला मृदेतून येतो. फॉस्फरस व गंधक तर सर्वस्वी मृदेतून वा खतातून घ्यावे लागतात. पूर्वी ज्वारीचा कडबा जनावरे खात व त्यांचे शेण उकिरड्यातून शेतात परते. ज्वारीखालील क्षेत्र व पशुधन घटल्याने, तसेच शेणाच्या गोवऱ्या करून जाळल्याने आणि धसकटे पेटविल्याने ही साखळी तुटते. जाळल्याने राखेतील खनिजे उरली, तरी कार्बन आणि बहुतांश नायट्रोजन हवेत जातात.

पर्जन्यातील बदल : कोरडी मृदा भिजताच सूक्ष्मजीवांची क्रिया एकाएकी वाढून नायट्रोजन मुक्त होतो. एच. एफ. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेतील मृदांच्या अभ्यासातून १९५८ मध्ये हे दाखविले. मराठवाड्यात पहिल्या पावसाने असा नायट्रोजन मुक्त होतो, तेव्हा पिकाची मुळे लहान असतात वा पेरणीही झालेली नसते. पाठोपाठ अतिवृष्टी झाल्यास नायट्रेट पाण्याबरोबर खाली झिरपते किंवा पाणी साचलेल्या मृदेत विनायट्रीकरण होऊन वायुरूपाने निघून जाते. उलट खंड पडल्यास अपघटन थांबते व पीक उपाशी राहते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेर तेथे अतिवृष्टी झाली. अशा टोकांमध्ये मृदेची पाणी व पोषकद्रव्ये धरून ठेवण्याची शक्ती निर्णायक ठरते आणि ती काही अंशी जैव कार्बनावर अवलंबून असते.

उपाय : युरिया पृष्ठभागावर फेकल्यास अल्कधर्मी मृदेत त्यातील बराच नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने उडून जातो, म्हणून तो मातीत मिसळून व विभागून देणे इष्ट असते. तथापि रासायनिक खत केवळ निवडक मूलद्रव्ये पुरविते, जैव कार्बनाची उणीव ते भरून काढीत नाही. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे, काळ्या मृदेच्याच प्रदेशात, पिकांचे अवशेष व शेण यांपासून कंपोस्ट करण्याची पद्धत विकसित केली. सोयाबीनचे भूस, पऱ्हाटी व धसकटे न जाळता मृदेत परत घालणे, तूर किंवा ज्वारी यांचा पिकांच्या फेरपालटात समावेश करणे आणि बांधबंदिस्तीने सुपीक वरचा थर राखणे, हे त्याच तत्त्वाचे उपयोजन होय. काळ्या मृदेची सुपीकता अक्षय नाही. तिच्यातून जे घेतले जाते ते परत करण्यावरच ती टिकून राहते.