धातुशोधक यंत्र आणि शोधणारा

घरांतील कोणाची आंगठी किंवा कानांतील कुडी अंगणांत पडली म्हणजे सारें घर कसें बेचैन होतें, हें तुम्हांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. माती चाळून होते, गवत उपटून होतें, आणि दिवस मावळला कीं सर्वजण निराश होऊन बसतात. अशा वेळीं उपयोगीं पडणारें साधन म्हणजे धातुशोधक यंत्र होय. तें कसें चालतें, हें थोडक्यांत पाहूं.

ह्या यंत्राचें मूळ तत्त्व मायकेल फॅरडे ह्यांनीं १८३१ सालीं शोधून काढिलें. तारेच्या वेटोळ्याजवळील चुंबकीय क्षेत्र बदलत राहिलें तर तिच्यांत विजेचा प्रवाह उत्पन्न होतो, हें तें तत्त्व. यंत्राच्या दांड्याच्या टोकाशीं एक चपटी चकती असते व तिच्यांत तांब्याच्या तारेचीं वेटोळीं असतात. त्यांपैकीं एकांतून सतत दिशा बदलणारा प्रवाह सोडितात. त्यायोगें खालच्या मातींत बदलतें चुंबकीय क्षेत्र पसरतें. तेथें आंगठी असल्यास तिच्यांत भोंवऱ्यासारखे सूक्ष्म प्रवाह फिरूं लागतात व त्यांचें स्वतःचें दुर्बळ क्षेत्र तयार होतें. दुसरें वेटोळें तें टिपतें आणि शोधणाऱ्यास ध्वनि ऐकूं येतो. कोणी विचारील कीं, सोनें लोहचुंबकास चिकटत नाहीं, मग यंत्रास तें कसें कळतें? उत्तर सोपें आहे. येथें चिकटण्याचा प्रश्नच नसून, ज्यांतून वीज सहज वाहते तो पदार्थ यंत्रास कळतो.

परंतु यंत्राचें ज्ञान येथेंच संपतें. आंगठीसारखी लहान वस्तु बहुधा वीतभर खोलीच्या आंत असली तरच कळते. चॉकलेटवरील वर्ख व सोन्याची आंगठी ह्यांचा ध्वनि पुष्कळदां सारखाच येतो. म्हणून जमिनीवर दोऱ्या बांधून पट्टे आखावे, चकती जमिनीलगत सावकाश फिरवावी, आणि कंटाळूं नये.

यंत्रापेक्षां शोधणाऱ्याचें महत्त्व अधिक, हें पुढील खऱ्या हकीकतीवरून दिसेल. इंग्लंडांतील सफोक परगण्यांत हॉक्सन नांवाचें गांव आहे. तेथील एका शेतकऱ्याचा हातोडा शेतांत हरवला. त्याच्या एका मित्राजवळ धातुशोधक यंत्र होतें. १६ नोव्हेंबर १९९२ रोजीं तो मित्र हातोडा शोधावयास गेला असतां मातींतून रोमन काळचीं नाणीं, चांदीचे चमचे व सोन्याचे दागिने निघूं लागले. कांहीं वस्तु हातीं येतांच त्यानें खणणें थांबविलें व अधिकाऱ्यांस कळविलें. दुसऱ्या दिवशीं पुराणवस्तुशास्त्रज्ञांनीं उरलेला ठेवा जपून बाहेर काढिला. सुमारें १५,००० नाणीं निघालीं. पेटीचें लांकूड बहुतेक कुजून गेलें होतें. तरी कड्या, बिजागऱ्या व वस्तूंची मांडणी ह्यांवरून ती कशी भरली होती तें कळलें. एका सोन्याच्या कांकणावर जुलियाना नांवाच्या स्त्रीस सुख चिंतिलें होतें. हावरेपणानें सर्व उपसलें असतें, तर सोनें मिळालें असतें, पण ही माहिती कायमची नष्ट झाली असती. त्या माणसास १७,५०,००० पौंड बक्षीस मिळालें व त्यानें तें शेतकऱ्याबरोबर वांटून घेतलें. हातोडाहि सांपडला, तो आतां ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहीं आहे.

आपल्याकडेहि जमिनींत दडलेलें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें द्रव्य सांपडल्यास कलेक्टरास कळवावें, असें १८७८ चा कायदा सांगतो. वाटेंत पडलेली आंगठी लहान गोष्ट खरी. पण ती जिची हरवली तिला त्या रात्रीं झोंप येत नाहीं. "येथें धातु आहे," इतकेंच यंत्र सांगतें. ती वस्तु कोणाची, हें विचारणें व तिच्या धनिणीच्या हातीं ती पोंचविणें, हें काम शोधणाऱ्याचें आहे.