घशाच्या तुकड्याचा रिपोर्ट येईपर्यंत



तोडीची वाट पाहणे आपल्याला नवे नाही. ऊस पक्व होऊन रानात उभा असतो, टोळी कधी येईल त्याचा पत्ता नसतो आणि जीव टांगणीला लागतो. पण मागल्या हंगामात आमच्या वाट्याला आलेले वाट पाहणे निराळेच होते. आमच्या सौ.च्या घशातून तपासणीसाठी तुकडा काढला होता. डॉक्टरांना कॅन्सरचा संशय होता आणि रिपोर्टला आठ-दहा दिवस लागतील असे त्यांनी सांगितले होते. त्या दिवसांत आम्ही काही गोष्टी बरोबर केल्या, काही साफ चुकलो. दोन्ही आपल्या कानांवर घालाव्यात म्हणून हा लेखनप्रपंच.

दिवाळीपासून सौ.चा आवाज बसला होता. पाचटाच्या धुळीने बसला असेल म्हणून हळदीचे दूध, ज्येष्ठमध, गुळण्या यांत अडीच महिने घालवले. पुढे भाकरीचा घास अडकू लागला, एका कानात कळ मारू लागली. आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे, हा साधा नियम आम्हास ठाऊक नव्हता. शिवाय तिला वीस-पंचवीस वर्षांची मिश्रीची सवय. तंबाखू बिडीतून ओढा, गालात धरा की भाजून दातांना लावा, ती तंबाखूच. बिडी-तंबाखूला दारूची जोड मिळाली की घशाचा धोका आणखी वाढतो.

रिपोर्टला वेळ का लागतो?

आम्हाला वाटे, तुकडा काढला, भिंगाखाली धरला की झाले. तसे नसते. तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. मग त्यातले पाणी काढून तो मेणात बसवतात. त्या मेणाच्या वडीचे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतके पातळ काप काढतात, काचेवर घेऊन रंग देतात आणि मग पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून पाहतात. कधी पक्के निदान होण्यासाठी आणखी चाचण्या कराव्या लागतात. तेव्हा रिपोर्टला उशीर झाला म्हणजे बातमी वाईटच, असे मुळीच नाही.

आपल्या शेतकी खात्याची माणसे तोडीपूर्वी फडात येऊन उसाचा ब्रिक्स पाहतात. नुसता ऊस उंच दिसला म्हणून कोणी कोयता चालवत नाही. घशाचेही तसेच. आवाज टीबीने बसू शकतो, साध्या गाठीने किंवा पित्तानेही बसू शकतो. कॅन्सर आहे की नाही आणि असल्यास कोणत्या जातीचा, हे तुकडा सांगतो. तो किती पसरला हे सीटी स्कॅनवरून कळते. दोन्ही हाती आल्यावरच उपचार ठरतो. लवकर सापडलेला स्वरयंत्राचा कॅन्सर नुसत्या रेडिएशनने किंवा लहान शस्त्रक्रियेनेही बरा होऊ शकतो. वाढलेला असेल तर रेडिएशनला केमोची जोड द्यावी लागते, काही वेळा स्वरयंत्र काढावे लागते. म्हणून आधीच सगळे संपले असे धरून बसू नये.

आम्ही कोठे चुकलो

पहिली चूक म्हणजे लोकांचे ऐकले. “सुरी लागली की कॅन्सर पसरतो,” असे पारावर कोणी म्हणाले आणि आमची झोप उडाली. डॉक्टरांना विचारले तेव्हा कळले की हा निव्वळ गैरसमज आहे. दुसरे एक पाहुणे झाडपाला देणाऱ्याकडे चला म्हणून बसले. महिनाभर औषध घ्यायचे आणि तोवर दवाखाना बंद, अशी अट. आम्ही गाडीसुद्धा ठरवली होती. धाकटी मुलगी आडवी आली. म्हणाली, “अप्पा, निदान रिपोर्ट तरी येऊ द्या.” तो महिना वाया गेला असता तर काय झाले असते, हे आज मनात आणवत नाही.

दुसरी चूक याहून मोठी. सौ.ला आम्ही काहीच सांगितले नाही. “साधी गाठ आहे,” असे घरात सगळ्यांनी ठरवून टाकले. पण ती काय लहान होती? फोन आला की आम्ही बाहेर जायचो, ती आत आली की बोलणे थांबायचे. चौथ्या दिवशी तिनेच बसवून विचारले, “अहो, फडाला आग लागली तर तुम्ही आधी मला सांगता. मग माझ्याच गळ्याचं माझ्यापासून का लपवता?” आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या रात्री सगळे सांगितले. दोघेही रडलो. पण त्या रात्री ती कितीतरी दिवसांनी शांत झोपली. मिश्रीची डबी दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच चुलीत टाकली.

त्या दिवसांत करण्याची कामे

रिकाम्या हाताला भीती अधिक चावते. म्हणून कामे वाटून घ्यावीत.

पहिले काम खाण्याचे. वजन उतरू देऊ नये. मऊ भात, नाचणीची पेज, वरण, अंडे, दूध, ताक असे गिळता येईल ते थोडे थोडे द्यावे. दुसरे, तंबाखू-दारू पूर्ण बंद. ती चालू ठेवली तर उपचाराचा गुण कमी येतो. तिसरे, दात तपासून घ्यावेत. रेडिएशन द्यायचे ठरले तर किडलेल्या दातांची व्यवस्था आधी लावावी लागते.

चौथे काम कागदांचे. रेशनकार्ड, आधार, जुने रिपोर्ट एका पिशवीत ठेवावेत. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसते का, हे योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारावे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून आहे, बार्शीलाही कॅन्सरचे रुग्णालय आहे. दुसरीकडे जायचे झाल्यास तुकड्याच्या काचा व मेणाची वडी मागून न्यावी, म्हणजे तेथील डॉक्टरांनाही ती पाहता येते. मनात येणारे प्रश्न वहीत लिहून ठेवावेत; डॉक्टरांपुढे निम्मे विसरतात. पाहुण्यांच्या फोनला उत्तर देण्याचे काम घरातल्या एकानेच करावे.

मात्र श्वास घेताना घरघर किंवा दम लागणे, तोंडातून रक्त पडणे, पाणीही न गिळणे यांपैकी काही झाले तर रिपोर्टची वाट न पाहता तडक दवाखाना गाठावा.

आणि सांभाळणाऱ्याचे काय? आम्ही मोटर चालू करायच्या निमित्ताने रात्री विहिरीवर जाऊन बसायचो. पुरुषाने बोलू नये असे कोठे लिहिलेले नाही. जवळच्या माणसाशी बोलावे. बोलायला कोणी नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर आहे, तेथे मराठीतही बोलता येते.

अकराव्या दिवशी रिपोर्ट आला. कॅन्सरच निघाला, पण दूर पसरलेला नव्हता. सात आठवडे रेडिएशन आणि जोडीला केमो झाली. तोंड आले, घशाखाली पाणी उतरेना असे दिवस काढले. आज सौ.चा आवाज थोडा घोगरा आहे. तपासणीला वरचेवर जावे लागते आणि प्रत्येक तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत पुन्हा तीच वाट. फरक इतकाच की आता ती वाट आम्ही दोघे मिळून पाहतो.

आपल्यापैकी कोणाच्या घरी आवाज बसलेला असेल तर हंगाम संपायची वाट पाहू नका. ऊस आठ दिवस थांबेल.