फोनवर ४जी लिहिले आहे, पण बोलणे कुठून जाते?

आमच्या शेजारच्या मावशींचा फोन ठाण्याहून आलेला आहे. भाचा दोन वर्षांपूर्वी भेटायला आला तेव्हा घेऊन आला. व्हॉट्सअॅप छान चालते, नातवंडांचे फोटो येतात, मुंबईची बहीण रोज दिसते. मध्यंतरी त्यांना कंपनीचा हिब्रू संदेश आला की तुमचा फोन जुन्या नेटवर्कवर बोलतो, तो बदलून घ्या. मावशी रागावल्या. "अरे, यावर तर ४जी लिहिलंय! नवा फोन गळ्यात मारायला बघतात." मलाही तसेच वाटले. मग आम्ही दोघे बसून तपासू लागलो, आणि संदेश खरा निघाला.

गोष्ट अशी आहे. आपल्या दळणवळण मंत्रालयाने, म्हणजे मिस्राद हातिक्शोरेतने, दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीची नेटवर्के (बिलावर 'दोर २' आणि 'दोर ३' असे लिहिलेले असते) बंद करायला ३१ डिसेंबर २०२५ ही तारीख ठरवली. सरकारी तारखा पुढे सरकतात हे आपण सगळे जाणतो, पण नेटवर्क जाणार हे नक्की. हवेतल्या लहरी मोजक्याच असतात. जुन्या पिढीने अडवलेल्या लहरी मोकळ्या केल्या की त्यावर ४जी आणि ५जी चालवता येते. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्येच ३जी बंद केले.

आता मावशींच्या फोनचे. ४जी मुळात इंटरनेटसाठी बनले. सुरुवातीची अनेक वर्षे फोन इंटरनेट ४जीवरून घेत आणि कोणाचा कॉल आला की गुपचूप ३जी किंवा २जीवर उतरत, बोलणे संपले की परत वर चढत. वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नसे. ४जीवरूनच बोलण्याची सोय नंतर आली, तिला व्होल्टी म्हणतात. ज्या फोनवर ती चालू नाही त्याला जुने नेटवर्क गेल्यावर कॉल करता येणार नाही, मग डब्यावर काहीही छापलेले असो.

तपासणे सोपे आहे. वाय-फाय बंद करा, घरच्या कोणाला तरी साधा कॉल लावा, व्हॉट्सअॅपवरून नव्हे, आणि बोलता बोलता पडद्याच्या वरच्या कोपऱ्याकडे बघा. ४जी किंवा व्होल्टी तसेच राहिले तर ठीक. त्या जागी ३जी, एच किंवा ई आले, तर तुमचे बोलणे जुन्या नेटवर्कवरून चालले आहे. मावशींच्या फोनवर एच आले.

"मग काय झालं? मी व्हॉट्सअॅपवरून बोलीन," असे मावशी म्हणाल्या. बहिणीशी बोलतील, पण व्हॉट्सअॅपवरून १०१ लागत नाही. १०० आणि १०२ सुद्धा लागत नाहीत. एकट्या राहणाऱ्या ब्याऐंशी वर्षांच्या बाईला फोन कशासाठी लागतो, तर रात्री दोन वाजता छातीत दुखले तर मागेन दाविद आदोमला बोलावण्यासाठी. ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ३जी बंद केले, त्याच्या आधी तिथे लक्षात आले की काही फोन एरवी ४जीवरून बोलतात, पण ००० हा आणीबाणीचा नंबर फिरवला की ३जी शोधत बसतात. असे फोन कंपन्यांना नेटवर्कवरून बंदच करावे लागले. (तपासायचे म्हणून १०१ फिरवू नका. तिथे कोणाचा तरी जीव वाट बघत असतो.)

गंमत म्हणजे भारतातला फोन कमी प्रतीचा नसतो. जिओ कंपनी २०१६ साली सुरू झाली ती निव्वळ ४जीवर, तिच्याकडे जुने नेटवर्क नव्हतेच. त्यामुळे तिथले नवे फोन ४जीवरून बोलायला पूर्वीपासून शिकलेले आहेत. अडचण ओळखीची आहे. कोणत्या मॉडेलला व्होल्टी द्यायची ते पुष्कळदा मोबाईल कंपनी ठरवते. फोनमध्येही त्या कंपनीची माहिती भरलेली असावी लागते. आमच्या मोकेदवरच्या मुलीने तेच सांगितले: "आमच्याकडून घेतलेला नाही, यादीत नाही." चाळीस मिनिटे गाणे ऐकून एवढे एक वाक्य.

तरी नवा फोन घेण्याआधी तीन गोष्टी करून बघाव्यात. सेटिंगमध्ये सिमच्या पानावर व्होल्टीचे बटण असते, ते कधी कधी नुसतेच बंद राहिलेले असते. फोनचे अपडेट घ्यावे. आणि सिम जुने असेल तर बदलावे, कारण फार जुने सिम ४जी घेतच नाही. तरीही जमले नाही तर दुसऱ्या कंपनीत तुमचे मॉडेल चालते का ते विचारा. २००७ च्या अखेरीपासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, याला नियुद म्हणतात. मोकेदवाले हे आपण होऊन सांगत नाहीत. दुकानदार ५जीचा आग्रह धरील. त्याची गरज नाही, ५जीचे बहुतेक फोनही बोलतात ४जीवरूनच. आणि भारतातून जिओचा बटणांचा फोन कोणी पाठवत असेल तर नको म्हणा, त्यात दुसऱ्याचे सिम चालत नाही.

फोनपेक्षा जास्त विसरली जाणारी वस्तू म्हणजे लखत्सान मेत्सुका, गळ्यातले संकटाचे बटण. पुष्कळांच्या घरी त्याच्या डब्यात एक सिम असते, आणि ते कोणत्या पिढीवर चालते हे बाहेरून कळत नाही. ज्यांनी बटण बसवले त्यांना फोन करून विचारा, लेखी उत्तर मागा. लिफ्टमधल्या फोनचेही तेच. हे काम वाआद बायितचे आहे, पण कोणीतरी विचारल्याशिवाय ते होत नाही. आमच्या इमारतीत मी विचारले, तेव्हा लिफ्टमध्ये सिम आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते.

आपल्यातली जी मंडळी साठ-सत्तरच्या दशकात दिमोना, लोद, अश्दोदला आली, त्यांनी घरी टेलिफोन यावा म्हणून वर्षानुवर्षे वाट बघितली आणि भोकाचे असिमोन खिशात घेऊन कोपऱ्यावरच्या टेलिफोनपाशी रांग लावली. त्यांना एका सेटिंगचे भय वाटू नये. पण हिब्रू पानांवरची बारीक अक्षरे आणि मोकेदची घाई यापुढे माणूस गप्प होतो, म्हणून मुला-नातवंडांनी पुढच्या भेटीत आजी-आजोबांचा फोन हातात घेऊन एक कॉल लावून बघावा.

मावशींच्या फोनवर बटण, अपडेट, नवे सिम, काहीच चालले नाही. शेवटी मोठ्या आकड्यांचा, व्होल्टी असलेला साधा बटणांचा फोन घेतला, आणि दुकानातच कॉल लावून कोपऱ्यात ४जी राहते हे बघूनच पैसे दिले. नंबर तोच राहिला. ठाण्याचा फोन आता स्वयंपाकघरात वाय-फायवर असतो, बहिणीसाठी.