कंसातलं नाव

नाशिकच्या कॉलेज रोडवर कुठल्याही क्लासात डेटाबेस शिकायला बसा, पहिली गाठ पडते ती किंग नावाच्या अध्यक्षाशी आणि स्मिथ नावाच्या कारकुनाशी. चौदा नोकर, चार विभाग. ओरॅकल कंपनीने सरावासाठी मांडून दिलेला हा भातुकलीचा संसार. स्मिथचा नंबर ७३६९, पगार ८००. आत शिरायचं तर नाव स्कॉट, पासवर्ड टायगर. स्कॉट हा कंपनीच्या सुरुवातीच्या दिवसांतला नोकर, टायगर त्याच्या घरचं मांजर. निफाड-दिंडोरीहून एसटीने येणारी पोरं वर्षानुवर्षं या स्मिथचा पगार दहा टक्क्यांनी वाढवत आली. मीही वाढवला, आणि शिकवायला लागल्यावर पोरांकडून वाढवून घेतला. एका वर्षी कंटाळलो आणि फळ्यावर सातबारा काढला.

रिलेशनल डेटाबेसची कल्पना एडगर कॉड यांची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक असलेला हा गणिती पुढे आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत होता. तिथे त्याने १९७० साली एक निबंध लिहिला. माहिती तक्त्यांत ठेवा, एक गोष्ट एकाच जागी लिहा, तक्ते एकमेकांना नंबरांनी जोडा, आणि ती डिस्कवर नेमकी कुठे पडली आहे याची काळजी मागणाऱ्याच्या डोक्यावर टाकू नका, असा त्याचा रोख. मागायची भाषा, म्हणजे एसक्यूएल, चेंबरलिन आणि बॉइस यांनी आयबीएममध्येच घडवली. (१९८५मध्ये कॉडने खऱ्या रिलेशनल सिस्टिमचे बारा नियम सांगितले. मोजले तर तेरा भरतात, कारण पहिल्याचा नंबर शून्य आहे.)

आता तलाठ्याचं दप्तर उघडा. गाव नमुना सात: जमीन कोणाची. बारा: त्यात पीक काय. आठ-अ: एका खातेदाराची गावातली सगळी जमीन. सहा: फेरफार. आणि या सगळ्या वह्यांना शिवणारे दोन धागे, गट नंबर आणि खाते नंबर.

प्रायमरी की, म्हणजे ओळीची एकमेव ओळख, मला समजावून सांगावीच लागत नाही. मी विचारतो, ‘पिंपळगावचा गट १०२ कोणाचा?’ मागच्या बाकावरून लगेच येतं, ‘सर, कुठलं पिंपळगाव? बसवंत, बहुला का खांब?’ झालं. नावावरून गाव ठरत नाही, म्हणून जनगणनेने गावाला सहा आकडी कोड दिला. गट नंबर एकटा पुरत नाही, गावाच्या कोडासकट पुरतो. दोन रकाने मिळून एक ओळख, ही कॉम्पोझिट की.

हस्तलिखित दप्तरात सातवरच्या क्षेत्राची बेरीज आणि आठ-अवरचा आकडा यांचा मेळ अनेकदा बसायचा नाही. बसणार कसा? एकच गोष्ट दोन वह्यांत, दोन वेळी लिहिलेली. सातबारे संगणकावर चढवताना महसूल खात्याचा घाम निघाला तो या मेळापायी. कॉडच्या नजरेने पाहिलं तर आठ-अ ही वही नाहीच, ती क्वेरी आहे. सातवरून हवी तेव्हा बेरीज मागा, लिहून कशाला ठेवायची? हे ज्याला उमगलं त्याला नॉर्मलायझेशन उमगलं. बाकी फर्स्ट, सेकंड, थर्ड फॉर्मच्या व्याख्या परीक्षेपुरत्या.

‘नल’ मात्र भल्याभल्यांना चकवतो. त्यालाही महसुली मराठीत उत्तर आहे. रकान्यात ‘निरंक’ लिहिलं असेल तर कोणीतरी पाहिलं, बोजा नाही. रकाना कोराच असेल तर कोणी पाहिलंय की नाही देव जाणे. निरंक म्हणजे शून्य, कोरा म्हणजे नल. म्हणून नलची तुलना बरोबरच्या चिन्हाने करता येत नाही. ठाऊक नसलेल्या दोन गोष्टी सारख्या आहेत असं कोण म्हणेल?

शिकवण्याआधी मी एका पतसंस्थेचं काम करायचो. एकदा दुपारी एका खातेदाराचा पत्ता बदलायला अपडेट लिहिलं आणि कोणती ओळ बदलायची हे सांगणारा वेअर क्लॉज लिहायचा राहिला. एंटर दाबलं. एक ओळ बदलल्याचं उत्तर यायला हवं होतं, आला चार अंकी आकडा. सगळी पतसंस्था सिडकोतल्या एकाच घरात राहायला गेली. आधी ‘बिगिन’ दिलेलं होतं म्हणून ‘रोलबॅक’ म्हणून सगळं मागे घेता आलं. म्हणून आता माझ्या वर्गात अपडेटच्या आधी वेअर लिहायचा नियम आहे.

बिगिन म्हणून सुरू करायचं आणि कमिट म्हणून पक्कं करायचं, हा खेळ फेरफारात जसाच्या तसा दिसतो. तलाठी नोंद धरतो, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. पूर्वी तोवर सातवर नंबर पेन्सिलने असायचा, प्रमाणित झाल्यावर शाई. पेन्सिल म्हणजे अजून कमिट नाही.

आणि तेव्हा जुनं नाव खोडत नसत, त्याला कंस करत. बर्कलेत मायकेल स्टोनब्रेकर यांच्याकडे १९८६पासून वाढलेली पोस्टग्रेस ही फुकट मिळणारी सिस्टिम अगदी हेच करते. अपडेट म्हटलं की जुनी ओळ मिटवत नाही, तिला कंस करून नवी लिहिते. कमिट होईपर्यंत इतरांना जुनीच दिसते. मेलेल्या ओळी नंतर ‘व्हॅक्यूम’ झाडून काढतो. हस्तलिखित सातबाऱ्याचं दहा वर्षांनी पुनर्लेखन व्हायचं, तसं. फरक इतकाच, की व्हॅक्यूम जिवंत ओळीला हात लावत नाही. पुनर्लेखनात कधीकधी जिवंत नावंही गळायची.

वर्गात कॉलेजची पोरं असतात, १९८९पासून इथेच असलेल्या मुक्त विद्यापीठाची असतात, सातपूर-अंबडची पाळी करून येणारेही. गेल्या खेपेला दिंडोरीकडचा एक मुलगा घरचा जुना सातबारा घेऊन आला. आजोबांचं नाव कंसात. खाली वारस फेरफाराने आलेले वडील, काका आणि तीन आत्या. मग तिन्ही आत्यांची नावंही कंसात.

‘सर, आत्या डिलीट झाल्या का अपडेट?’

म्हटलं, समोरचा फेरफार नंबर काढून बघ. दुसऱ्या दिवशी बघून आला. हक्कसोडपत्र होतं.

‘अपडेट,’ तो म्हणाला. ‘आणि वेअर क्लॉज विसरले नव्हते, सर. त्यात फक्त बाया होत्या.’