रिपीटची खूण दिसते, मग वाजत का नाही?

नोटेशनच्या शेवटी ‘डी. सी. अल फिने’ (सुरुवातीपासून पुन्हा ‘फिने’पर्यंत) टाइप केलं, पानावर ते छापील पुस्तकातल्यासारखं दिसलं. पण प्ले दाबल्यावर धून शेवटच्या बारला येऊन थांबली, सुरुवातीकडे वळलीच नाही. म्यूझस्कोर हे नोटेशनचं सॉफ्टवेअर नव्याने वापरणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो, आणि ‘सॉफ्टवेअरला रिपीट जमत नाही’ असं ठरवून ते सगळी धून पुन्हा लांबलचक लिहून काढतात. वाजवणाऱ्याला त्या जास्तीच्या पानांचा त्रासच होतो. म्हणून हे गैरसमज नीट निस्तरायला हवेत.

गैरसमज : शब्द लिहिले की उडी वाजते.

साधा मजकूर म्हणून टाइप केलेले शब्द फक्त माणसासाठी असतात. पॅलेटमधली ‘रिपीट्स अँड जम्प्स’ची खूण बारवर टाकली, तर तिच्यामागे तीन सूचना असतात : कुठे उडी मारायची, कुठपर्यंत वाजवायचं आणि तिथून पुढे कुठे जायचं. डी. सी. अल फिनेमध्ये पहिली सूचना ‘स्टार्ट’, दुसरी ‘फिने’, तिसरी रिकामी. कोडा, म्हणजे शेवटचा वेगळा तुकडा, असेल तर तिसरीही भरलेली असते. खूण निवडून प्रॉपर्टीज उघडल्या की हे सगळं दिसतं. दिसणारा मजकूर आणि वाजवायची सूचना या इथे दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. 2004 साली पहिली आवृत्ती आलेल्या म्यूझिकएक्सएमएल या नोटेशनच्या फाइल-प्रकारातही त्या वेगळ्याच ठेवल्या आहेत. खुणेचे शब्द बदलून मराठीत ‘सुरुवातीपासून’ लिहिलं, तरी आतली सूचना शाबूत असेल तर उडी वाजते.

गैरसमज : ‘फिने’ मध्येच लिहिलं तर धून पहिल्याच फेरीत तिथे संपेल.

फिने आणि ‘टू कोडा’ या खुणा उडी मारून परत आल्यावरच जाग्या होतात. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर त्यांच्यावरून सरळ पुढे जातं, वादकही तेच करतो. आपल्या गाण्यांसाठी याचा फार चांगला उपयोग होतो. मुखडा, मग म्यूझिक, मग अंतरा, पुन्हा मुखडा अशी तीन अंतऱ्यांची रचना घ्या. तिन्ही अंतऱ्यांची चाल आणि मधलं म्यूझिक एकच असेल, तर मुखड्याच्या शेवटी फिने टाका, अंतऱ्याच्या शेवटी रिपीटची बारलाइन आणि त्याच बारवर डी. सी. अल फिने. बारलाइनच्या बारचा प्ले काउंट 3 करा. मुखडा-अंतरा तीनदा होईल, मग उडी लागेल आणि गाणं मुखड्यावर संपेल. शब्द तीन ओळींत एकाखाली एक बसतात. बहुतेक गाणं दोन पानांत मावतं आणि हार्मोनियमवाल्याला पान उलटावं लागत नाही. मात्र दर अंतऱ्याआधीचं म्यूझिक वेगळं असेल, तर हा हट्ट सोडावा आणि सरळ लिहून काढावं. उड्या वाचताना गाणाऱ्याची नजर चुकत असेल, तर वाचवलेल्या कागदाला अर्थ नाही.

प्ले काउंटबद्दलही घोळ होतो. 3 म्हणजे एकूण तीनदा. ‘एकदा वाजवून वर आणखी तीनदा’ नव्हे.

गैरसमज : डी. सी. नंतर रिपीट गळतात, ही प्रोग्रॅममधली चूक आहे.

ही जुनी प्रथा आहे. हायडन-मोझार्टच्या मिन्युएट आणि ट्रायोमध्ये मिन्युएटचे दोन्ही भाग आधी रिपीटसह वाजतात. ट्रायोनंतर मिन्युएट परत येतो तेव्हा सहसा रिपीट न घेता सरळ वाजवतात. म्यूझस्कोरने तीच सवय गृहीत धरली आहे. परतीच्या फेरीत फर्स्ट एंडिंग वगळून शेवटचं एंडिंग वाजतं, तेही याच कारणाने. रिपीट हवेच असतील तर उडीच्या प्रॉपर्टीजमधला ‘प्ले रिपीट्स’चा चौकोन टिक करावा. प्लेबॅकच्या सेटिंगमध्येही याच नावाचा पर्याय आहे, पण तो सगळ्या धुनेचे रिपीट चालू-बंद करतो. काहीच रिपीट होत नसेल तर आधी तिथे बघावं.

गैरसमज : रिपीटनंतर ठेका अडखळतो, म्हणजे टेम्पो बिघडला.

टेम्पो बहुधा ठीकच असतो, एखादा बार लांब झालेला असतो. बेथोव्हेनची ‘फ्यूर एलीझ’ घ्या. ती 3/8 मध्ये आहे, पण तिची सुरुवात एका क्वेव्हरएवढ्या अपुऱ्या बारने होते. रिपीट घेताना हे सुरुवातीचे दोन स्वर पुन्हा वाजतात, म्हणून फर्स्ट एंडिंगचा बार 2/8 चा असतो. दोन्ही मिळून तीन क्वेव्हर पूर्ण होतात. उतरवून घेताना तो बार 3/8 चा ठेवून शेवटी विश्राम भरला, की एका क्वेव्हरची फट पडते आणि कानाला ती लगेच खटकते. बारच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अ‍ॅक्च्युअल’ लांबी 2/8 केली की ती जाते. नवा स्कोर तयार करताना पिकअप बार (सुरुवातीचा अपुरा बार) मागितला तर धुनेचा शेवटचा बार आपोआप आखूड होतो, मधली एंडिंग मात्र आपल्यालाच आखूड करावी लागतात. रिपीट पहिल्या बारपासूनच असेल, तर तिथे सुरुवातीची ठिपकेवाली बारलाइन लागत नाही. फ्यूर एलीझमध्येही तिची गरज नाही.

रिपीटची बारलाइन प्रत्येक स्टाफवर वेगळी टाकावी लागते, हीही निव्वळ समजूत आहे. एका स्टाफवर टाकली की ती सगळ्या वाद्यांना लागू होते.

राहिला मिडीचा प्रश्न. मिडी फाइलमध्ये रिपीटची खूणच नसते, त्यामुळे सॉफ्टवेअर सगळ्या फेऱ्या उलगडून एकामागून एक लिहितं. तीच फाइल पुन्हा नोटेशनमध्ये उघडली तर दोन पानांचं गाणं सहा पानांचं झालेलं दिसेल. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये काम न्यायचं असेल तर म्यूझिकएक्सएमएल पाठवावं. त्यात खुणा खुणा म्हणूनच जातात, पण तिकडे उघडल्यावर एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून ऐकावं, विशेषतः कोडाची उडी.