शेतकऱ्याची मालमोटार आणि रस्त्याचा कर

अमेरिकेतील आयोवा किंवा नेब्रास्का राज्याचा शेतकरी सुगीच्या दिवसांत मका कोठाराकडे पोहोचविण्यासाठी जी मालमोटार बाहेर काढतो, ती वर्षाचे बरेच महिने छपराखाली उभी असते. तथापि रिकामी मोटार, तिला जोडावयाचा रिकामा ट्रेलर आणि त्यांत नेहमी भरला जाणारा जास्तीत जास्त माल यांचे एकत्रित वजन ५५,००० पौंड, म्हणजे सुमारे २५ टन, भरले की संघसरकारचा अवजड वाहन वापर कर तिला लागू होतो. आंतरराज्य महामार्गांच्या उभारणीसाठी १९५६ साली जो कायदा झाला त्यातून हा कर आला. त्याचा आजचा दर ५५,००० पौंडांस १०० डॉलर, त्यावरील दर १,००० पौंडांस २२ डॉलर आणि ७५,००० पौंडांपुढे सरसकट ५५० डॉलर असा आहे.

वर्षातून थोडेच दिवस सडकेवर येणाऱ्या वाहनाकडून पूर्ण कर घेणे न्यायाचे नव्हे, हे कायद्यानेही मान्य केले आहे. इतर वाहनांस ५,००० मैलांपर्यंत जी सवलत मिळते ती शेतीच्या वाहनांस ७,५०० मैलांपर्यंत मिळते, आणि स्वतःच्या शेतातील फेऱ्या त्या हिशेबात धरल्या जात नाहीत. ही उदारता मला मनापासून योग्य वाटते. परंतु येथेच अनेकांचा गैरसमज होतो. हा कर माफ झालेला नसून केवळ तहकूब झालेला असतो, म्हणून एक डॉलरही देणे नसले तरी 'फॉर्म २२९०' हे पत्रक महसूल खात्याकडे दाखल करावेच लागते. करवर्ष १ जुलैला सुरू होते आणि जुलैत रस्त्यावर आलेल्या वाहनाची मुदत ३१ ऑगस्टला संपते. पत्रकासोबतच्या परिशिष्टावर खात्याचा शिक्का उमटून ते परत आले, की त्याच्याच आधारे राज्याच्या दप्तरी वाहनाची नोंदणी होते. पत्रकास नियोजक क्रमांक लागतो, व्यक्तीचा सामाजिक सुरक्षा क्रमांक चालत नाही. तेव्हा तो आगाऊ काढून ठेवणे श्रेयस्कर.

शेतीचे वाहन कोणते, याचा निर्णयही बारकाईने केलेला आहे. राज्याच्या नोंदणीत ते शेतीसाठी दाखल असावे आणि त्याच्या वापराचा निम्म्याहून अधिक भाग शेतीकामाचा असावा. बियाणे, खत, गुरे, कोंबड्या, इतकेच काय, मधमाश्यांची ने-आणही शेतीकामात मोडते, आणि कुंपणाच्या दुरुस्तीसाठी केलेली फेरीदेखील. मात्र फळांचा रस काढला की त्या रसाला शेतमाल म्हणत नाहीत, आणि डबाबंदीच्या किंवा वेष्टनाच्या कामाला जुंपलेले वाहन त्या कामापुरते शेतीचे राहत नाही.

मर्यादा ओलांडली गेली, तर त्या वर्षी वाहन प्रथम ज्या महिन्यात वापरले त्या महिन्यापासूनचा कर पुढील महिन्याच्या अखेरीपर्यंत भरावा लागतो. म्हणून मैलांची नोंदवही चोख ठेवणे आणि कागदपत्रे तीन वर्षे जपणे अगत्याचे आहे. जुनी मालमोटार विकत घेणाऱ्या लहान शेतकऱ्याने तर विशेष सावध असावे, कारण पूर्वीच्या मालकाने त्या करवर्षात तोडलेले मैलही त्याच्याच खाती धरले जातात. विक्रीची तारीख, करवर्षाच्या आरंभी आणि विक्रीच्या वेळी मैलमापकावर असलेले आकडे इत्यादी तपशिलाचे लेखी निवेदन त्याने विकणाऱ्याकडून व्यवहाराच्या वेळीच मागून घ्यावे आणि आपल्या पत्रकास जोडावे. विकणाऱ्याने ते दिले नाही, तर पुढे मर्यादा ओलांडली जाताच कराची जबाबदारी त्याच्यावरही येते.