नाताळचा आनंद

२५ डिसेंबर हा नाताळचा दिवस. या दिवशी आम्ही ख्रिस्ती लोक प्रभू येशूच्या जन्माचा सण करतो.

येशू कुठे जन्मला? राजवाड्यात नाही. मरिया आणि योसेफ नावनोंदणीसाठी बेथलेहेम गावी गेले होते. तिथे उतारशाळेत जागा मिळाली नाही. मरियेने बाळाला कपड्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवले. गव्हाण कशी असते, हे शेतकऱ्याला सांगायला नको! जन्माची बातमी आधी कोणाला कळली? रात्री रानात मेंढरे राखणाऱ्यांना. देवाने पहिला निरोप गरिबाला धाडला. आमचा आनंद आहे तो याचा.

नगरकडच्या खेड्यांत आम्ही घर सारवतो. दारी कागदाची चांदणी लावतो. करंज्या, लाडू करतो. उपासनेला जातो. नारायण वामन टिळकांची भजने पेटीवर गातो. टिळक १९१९ साली वारले, पण त्यांची भजने अजून लोकांच्या तोंडी आहेत. मग फराळाचे ताट शेजारी देतो. दिवाळीत त्यांच्याकडून ताट येते, नाताळात आमच्याकडून जाते.

सणासाठी कर्ज मात्र काढू नये. जो गव्हाणीत जन्मला, त्याच्या सणाला सावकाराचा पैसा कशाला? धुतलेले कपडे पुरेत.

तुम्ही आता वाचायला शिकलात. पंडिता रमाबाईंनी साध्या माणसांना समजावे म्हणून बायबल सोप्या मराठीत आणले. तेव्हा या नाताळात लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढा. घरातल्यांना जवळ बसवा आणि तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवा.